भिंतीच्या बाहेरची

कंपनीची बस नाशिक फाट्याचा पूल उतरून नदीकडच्या रस्त्याला लागली, तेव्हा जयमालाला खिडकीतून दिसलं की ख्रिस्ती दफनभूमीची रस्त्याकडची भिंत पाडली आहे. सव्वीस वर्षं ती याच रस्त्याने चाकणला जात होती आणि याच रस्त्याने परत येत होती, आणि सव्वीस वर्षं ती भिंत म्हणजे पोपडे आलेला पिवळा चुना आणि क्लासेसच्या जाहिराती एवढंच होतं. आता तिच्या जागी विटांचा ढीग होता आणि ढिगापलीकडे सगळे क्रूस उघड्यावर आले होते. परक्या घरातलं कपाट अचानक आपल्यासमोर उघडावं तसं तिला वाटलं. तिचे वडीलही तिथेच होते, तिसऱ्या रांगेत. भिंतीच्या अलीकडे, जिथे आधी उकिरडा आणि एरंडाची झुडपं होती, तिथे जेसीबीने लांबलचक चर खणला होता आणि त्यात सिमेंटचे पाइप उतरवणं चाललं होतं. सिग्नल सुटला, बस पुढे गेली. शेजारच्या सीटवरची मुलगी मोबाइलवर हसत होती. जयमालाने उद्याच्या ऑडिटचा विचार करायचा प्रयत्न केला, पण त्या चरातली ओली, काळी माती सांगवीपर्यंत तिच्या डोळ्यांसमोरून हलली नाही, आणि का हलत नाही हे तिला कळेना.

घरी आई वाट बघत बसली होती. यशोदाबाईंचं शहात्तर सरलेलं. गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. जयमालाने दोघींची ताटं केली, मेथी वाढली, आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं की सिमेट्रीची भिंत पाडलीय, रस्ता रुंद करतायत. आईने भाकरीचा तुकडा मोडला. "आतल्या अंगानं खणलंय का बाहेरच्या?" तिने विचारलं. "बाहेरच्या. गटाराची लाइन टाकतायत." आईने हातातला घास परत ताटात ठेवला, उठली, मोरीत जाऊन हात धुतले आणि पदराला पुसत बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग तिकडूनच, पाठमोरी, म्हणाली, "तिथं तुझी बहीण हाय."

जयमालाला कुणी बहीण नव्हती. ती थोरली, तिच्या पाठचा भाऊ नोकरीसाठी दुबईला गेलेला. थोरलेपण तिच्या अंगात मुरलं होतं, कंपनीतही सगळे तिला ताईच म्हणत. त्या संध्याकाळी तिच्या आईने तिला सांगितलं की तिच्या आधी तीन वर्षं, एकोणसत्तर साली, एक मुलगी झाली होती. औषधाच्या कंपनीमागच्या कामगार चाळीत, आठव्या महिन्यात, अवेळी. नवरा, ज्ञानदेव, फर्स्ट शिफ्टला गेलेला. रक्त इतकं गेलं की यशोदाबाईंना पुढचं काही आठवतच नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा पोटही रिकामं आणि कुशीतही कुणी नाही. मेलेलंच झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. ज्ञानदेवने चहाच्या खोक्यात घालून लेकरू नेलं. त्या वेळचे फादर परदेशातले गोरे होते, म्हातारे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे, पण त्यांनी फाटक उघडलं नाही. ज्याच्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही त्याला पवित्र मातीत जागा नाही. "माझा नियम नाही, ज्ञानदेव," ते म्हणाले, "मी काय करू?" मग ज्ञानदेवने भिंतीच्या बाहेर, एरंडाखाली, हाताने खड्डा खणला. हे त्याने बायकोला एकदाच सांगितलं, आणि नंतर मरेपर्यंत दोघांनी तो विषय काढला नाही. "बाप्तिस्म्याबिगर गेलेलं लेकरू देवाच्या दारात जात न्हाई," आई म्हणाली. "त्याला शिक्षा नसती, पण उजेडबी नसतो. काठावर ऱ्हातं ते. मी मेले तरी मला दिसायची न्हाई ती." हे सगळं ती न रडता बोलली. उद्या गॅसचा नंबर लावायचाय, असं सांगावं तशी.

त्या एका वाक्याने जयमालाचं सगळं लहानपण जागचं हललं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन आत जायचे, आणि आई मात्र बाहेर थांबायची. उन्हाचं होत नाही, म्हणायची, सावलीला थांबते. भिंतीच्या कडेकडेने ती हळूहळू चालत राहायची, आणि लहानग्या जयमालाला वाटायचं की आई थडग्यांना भिते. घरात अडकवलेली पवित्र पाण्याची बाटली. कुणी शेजारीण गरोदर आहे असं कळलं की आईचं ते गप्प होणं. जयमाला झाली तेव्हा दवाखान्यातल्या स्टीलच्या ग्लासातून वडिलांनी तिच्यावर लगेच पाणी ओतलं होतं, डॉक्टरीण ओरडली तरी ऐकलं नव्हतं. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जायची आणि आई कधीच हसायची नाही. आपण ज्याला आईचा स्वभाव समजत होतो तो स्वभाव नव्हताच, जयमालाच्या मनात आलं. एका खड्ड्याभोवती छप्पन्न वर्षं घातलेली ती फेरी होती. आणि आपण स्वतः, आपला घाईघाईतला बाप्तिस्मा, आपल्यावर सतत ठेवलेली ती नजर, आपलं थोरलेपण, हे सगळं त्याच खड्ड्यातून वर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि तिथे गेली. पाइप बसले होते. मुकादम बीडकडचा होता, भला माणूस. "माती तर काल रात्रीच गेली ताई, भरावाला," तो म्हणाला. "मोशीकडं कुठंतरी टाकली आसंल. का बरं, काय हरवलं का?" तिने नाही म्हणून मान हलवली. काही सापडलं का खणताना, असं विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण छप्पन्न वर्षांनी एवढ्याशा लेकराचं काय उरणार हे तिलाही ठाऊक होतं. एरंड नव्हता. भिंतही नव्हती. आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, हे सांगणारं तिथे काहीच शिल्लक नव्हतं, आणि तरी आईसाठी ती रेघ जशीच्या तशी होती.

तिथून ती तशीच चर्चच्या ऑफिसात गेली. नवे फादर वसईचे, पस्तिशीचे, आल्या आल्या त्यांनी तिला खुर्ची दिली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. ती एवढंच विचारायला आली होती: "त्या फादरांनी सांगितलं की नियम माझा नाही. मग कुणाचा होता?" "कुणा एकाचा म्हणता येत नाही," फादर म्हणाले, "पण मागे मागे जात राहिलं तर आपण एका माणसापाशी येऊन थांबतो. संत ऑगस्टीन. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर एका बंदराच्या गावी बिशप होते, सोळाशे वर्षांपूर्वी." त्यांनी सांगितलं की हा माणूस स्वतः तिशी उलटेपर्यंत भटकलेला होता, आणि म्हणून की काय, माणूस आपल्या बळावर तरूच शकत नाही हे त्याला हाडामांसातून पटलेलं होतं. माणूस जन्मतःच बुडालेला असतो, वर काढणारा हात देवाचाच. पण असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. ज्या बाळावर पाणी पडलं नाही त्याचं काय? त्याने तो प्रश्न टाळला नाही. त्याने उत्तर दिलं की ते बाळही बाहेरच. शिक्षा सगळ्यांत सौम्य, पण बाहेर. "पुढच्या लोकांनी ते मऊ केलं, दुःख नसलेली काठावरची एक जागा कल्पिली. आज चर्च असं बोलत नाही. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी रोमहून स्पष्ट सांगितलंय की अशा बाळांसाठी आपण आशा धरावी, तसं म्हणायला कारणं आहेत. आईंना सांगा, आशा ठेवा."

"आशा म्हटलं की आई ऐकायची नाही, फादर," जयमाला म्हणाली. "तिला आहे किंवा नाही, असं लागतं."

परतताना ती बसस्टॉपवर उभी राहिली आणि दोन बस तिने सोडल्या. तिला राग आला होता, पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, त्याला काय म्हणावं हे तिला कळत नव्हतं. समोरून पोकलेन लादलेला ट्रेलर गेला, कॉलेजची पोरं गेली, कुणीतरी फोनवर ओव्हरटाइमवरून भांडत होतं. आणि कुठे ते बंदर, कुठला तो समुद्र, कसल्याशा दिव्यापाशी बसलेला तो माणूस, ज्याने पिंपरी हे नाव ऐकलं नव्हतं, ज्याच्या वेळी मराठी अजून मराठी झाली नव्हती. त्याने विचार केला. नुसता विचार, इमानदारीने, शेवटापर्यंत नेलेला. तो विचार राज्यांवरून, भाषांवरून चालत आला, जहाजात बसून आला, नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीत तिच्या आज्याच्या कानात शिरला, आणि एकोणसत्तर साली एका कामगाराच्या हातून एरंडाखाली खड्डा खणवून गेला. तिची आई त्याच्या एका वाक्याच्या आत जन्मभर राहिली होती आणि तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. एवढ्या लांबचं कुणी एवढ्या जवळ असू शकतं, या गोष्टीने जयमालाच्या अंगावर काटा आला. आपण रोज कंपनीत मायक्रोमीटर लावून केसाइतका फरक पकडतो, तिला वाटलं, पण हे कुठल्या मापाने मोजायचं?

घरी आईने जेवण जवळजवळ सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ती माती कुठं नेली तेवढं तरी विचार." मोशीचा भराव आईला सांगायची जयमालाची छाती झाली नाही. त्याऐवजी तिला वाटलं की निदान जुनी जागा नेमकी कुठली होती हे कुणाकडून कळलं तर तिथे एखादी मेणबत्ती लावता येईल. त्या चाळीतलं माहितीचं आता एकच माणूस उरलं होतं, सादिकाखाला. आईची तेव्हाची शेजारीण, भिंतीला भिंत, आणि जयमालाची मानलेली मावशी. जयमालाच्या लग्नात खालाने हातभर मेंदी काढली होती आणि पुढे जयमालाचा नवरा वारल्यावर चाळीस दिवस रोज डबा पाठवला होता. आता ती संत तुकाराम नगरला मुलाकडे, अफताबकडे, राहत होती. अफताबचं खाली गाड्यांचं गॅरेज होतं.

खालाने तिला दाराशीच ओळखलं, चहा टाकायला लावला. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज तोच. जयमालाने आडवळणाने सुरुवात केली, पण खालाला आडवळण कधीच चालायचं नाही. "यशोदानं सांगितलं शेवटी तुला," ती म्हणाली. "बरं झालं. मीच होते तिथं. आमच्या सासूनं नाळ कापली." मग जयमालाने जागेचं विचारलं. बाहेरच्या अंगाला, भिंतीलगत, बाबांनी कुठे पुरलं होतं, काही खूण सांगितली होती का?

"बाहेर?" खाला म्हणाली. "बाहेर का?"

"बाप्तिस्मा झाला नव्हता ना. आमच्यात तसं चालत नाही. म्हणजे तेव्हा चालत नव्हतं."

खालाने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला तो तिने बोटाने पुसला, परत पुसला. "माती द्यायला बाया जात न्हवत्या," ती हळू म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाई बाहेर पुरली म्हणून. यशोदा तर बोलायचीच न्हाई. मी म्हणलं, कशाला खपली काढा." मग ती जयमालाकडे बघत राहिली, त्या धुरकट डोळ्यांनी. "पण पाणी तर घातलं होतं मी."

खालून गॅरेजमध्ये कुणीतरी इंजिन रेस करत होतं. ते बंद होईपर्यंत दोघी थांबल्या. मग खालाने सांगितलं. यशोदाचं रक्त थांबेना तेव्हा तिने सादिकाचं मनगट धरलं होतं, नखं रुतली होती. बाळ बाहेर यायच्या आधीच ती सांगत सुटली होती, की जगेल असं वाटलं नाही तर डोक्यावर पाणी घाल, आणि हे शब्द म्हण, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, मी तुझा बाप्तिस्मा करते. तीनदा तिच्याकडून पाठ म्हणवून घेतलं आणि मग तिची शुद्ध गेली. "तिला ते बी आठवत नसंल," खाला म्हणाली. "पोरगी झाली. एवढीशी, माझ्या तळहातावर मावेल अशी. सासू म्हणाली गेलेली हाय. पण मी बघत होते. तांब्या घेतला, पाणी घातलं, शब्द म्हणले. पाणी पडलं तसं तिनं डोळे गच्च मिटले, आन् तोंड असं वाकडं केलं, थंड लागल्यावर पोरं करत्यात तसं. मग गेली." सासूने ते शब्द ऐकले होते. तिने तोंडावर हात ठेवून बजावलं, की हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही, तू कुठल्या जमातीची, हे कसले शब्द बोललीस, आणि वर सगळ्यांना सांगून टाकलं की मेलेलीच झाली. सादिका तेव्हा एकवीस वर्षांची होती, लग्नाला वर्ष झालेलं. "मी लई दिवस घाबरून होते," ती म्हणाली. "नमाजाला उभी राहिले की वाटायचं, अल्लाला काय सांगू? मग मनाशी म्हणायचे, मरणाऱ्या बाईनं मागितलं, दिलं. तो समजून घेईल. पण यशोदाला सांगावं असं कधी वाटलंच न्हाई गं. मला वाटलं, पोर गेली, आता पाण्याचं काय? मला काय माहीत, तुमच्यात त्या पाण्यावर एवढं सगळं हाय?"

जयमालाने तिथूनच फादरना फोन लावला. तिचा आवाज तिला स्वतःचा वाटत नव्हता. फादरनी तीन गोष्टी विचारल्या, एकेक करून, घाई न करता: पाणी खरंच डोक्यावर पडलं का, शब्द हेच होते का, आणि बाळ त्या वेळी जिवंत होतं का. तिसऱ्या प्रश्नाला खालाने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, "साहेब, मेलेलं लेकरू डोळे मिटत न्हाई." मग तिने फोन जयमालाला परत दिला.

"पण फादर, खाला मुसलमान आहे," जयमाला म्हणाली. हेच तिला सगळ्यात जास्त अडवत होतं, आणि ते खालाच्या तोंडावर बोलताना तिला लाज वाटली.

"त्याने काही फरक पडत नाही," फादर म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता. "चर्चला जे करायचं असतं तेच करायचं तिच्या मनात होतं, आईंनी सांगितलं तेच तिने केलं. बाप्तिस्मा खरा आहे. मागच्या वेळी मी तुम्हाला त्या माणसाची अर्धीच गोष्ट सांगितली." त्यांनी सांगितलं की त्याच्याच काळात मोठं भांडण पेटलं होतं. काही लोक म्हणत, ज्याचे हात चोख नाहीत त्याने दिलेला बाप्तिस्मा खोटा. हा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध लढला. पत्र कुणी आणून दिलं यावरून पत्र खोटं ठरत नाही. ज्याने लिहिलं त्याचं ते असतं. पाणी कुणाच्याही हातचं असो, देणारा हात ख्रिस्ताचा. "देणारा मुळात ख्रिस्तीच नसला तर काय, इथे तो स्वतः थोडा थबकला होता. मोठी सभा भरवून ठरवावं, म्हणाला. पण धागा त्याचाच. पुढे चर्चने तो शेवटपर्यंत नेला." मग ते म्हणाले, "जयमालाताई, ज्याने ते दार लावलं ना, ते उघडायची सोयही त्यानेच करून ठेवली होती. मला हे पुस्तकातून माहीत होतं. असं कधी समोर आलं नव्हतं."

ती खालाच्या पलंगाच्या काठावर बसली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले युनिफॉर्म दिसत होते, कंपनी कंपनीचे, निळे, राखाडी. तिला वाटलं, तो म्हातारा बिशप आपल्या गावात बसून दोन वेगवेगळ्या भांडणांत, दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन गोष्टी लिहून गेला. एकीने आई जन्मभर कोंडली. दुसरी गुपचूप निघाली, तितकीच वर्षं, तितकीच अंतरं तोडत, आणि पिंपरीच्या चाळीत एका एकवीस वर्षांच्या, घाबरलेल्या मुलीच्या तांब्यात येऊन बसली. दोन्ही एकाच खोलीत होत्या, एकाच सकाळी, आणि छप्पन्न वर्षं कुणाला कळलं नाही. खालाचा हात तिच्या मांडीवर होता, सुरकुतलेला, हाडकुळा. जयमाला त्या हाताकडे बघत राहिली, आणि मग ती वाकली आणि तिने त्यावर कपाळ टेकवलं. खाला म्हणाली, "येडी का काय तू," पण हात काढून घेतला नाही.

रविवारी दुपारी अफताबने खालाला गाडीतून सांगवीला आणलं. दोन जिने चढायला तिला वीस मिनिटं लागली. जयमालाने आईला आधी काही सांगितलं नव्हतं. हे खालाच्याच तोंडून जायला हवं असं तिला वाटत होतं. दोघी म्हाताऱ्या कॉटवर शेजारी बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि खालाने सगळं सांगितलं, सासूसकट, तांब्यासकट, मिटलेल्या डोळ्यांसकट. यशोदाबाई ऐकत होत्या. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "तोंड वाकडं केलं?" आणि खालाने ते करून दाखवलं. तिच्या त्या पिकल्या चेहऱ्यावर क्षणभर एक तान्हं बाळ आलं आणि गेलं. जयमालाने फादरचं म्हणणं सांगितलं, की बाप्तिस्मा खरा आहे, पक्का आहे, ती आत आहे, पहिल्यापासून आत होती.

आई किती तरी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती. "मग मी इतकी वर्षं बाहेर कुणाला हुडकत व्हते?" ती म्हणाली. मग ती सादिकाकडे वळली, आणि जयमालाला भीती वाटली की आता ती रागवेल, एवढी वर्षं का नाही बोललीस म्हणेल. म्हटलं असतं तर त्यात काही चुकीचं नव्हतं. पण आईने फक्त तिचं मनगट धरलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता, सगळं अंग हलवत.

फादरनी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरसाठी एक कागद दिला होता. छप्पन्न वर्षांपूर्वीच्या नोंदींच्या समासात त्यांना हे लिहायचं होतं. आईचं रडणं ओसरल्यावर जयमालाने तो काढला. बापाचं नाव, आईचं नाव, तारीख. बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव. "तिथं माझं चालंल?" खालाने विचारलं. "तुमचंच लागतं," जयमाला म्हणाली आणि तिने लिहिलं. मग सगळ्यात वरची ओळ राहिली, ती रिकामी होती, आणि जयमालाचं पेन थांबलं. आईने मुलीचं नाव कधी ठेवलंच नव्हतं. बिननावाचीच ती इतकी वर्षं आईच्या मनात होती.

"नाव तर ठेवलं होतं," खाला म्हणाली. दोघींनी तिच्याकडे बघितलं. "यशोदा म्हणाली होती, आधी नाव घ्यायचं, मग बाकीचे शब्द. पण कुठलं ते सांगायच्या आधीच तिची शुद्ध गेली. मला तेव्हा दुसरं कुठलं सुचणार? माझी आई त्याच साली वारली होती. मी तिचं नाव घातलं. सुरय्या." तिने पदर सारखा केला. "तुला चालतं का बघ. न्हाईतर बदला."

यशोदाबाईंनी ओठ हलवून पाहिले, पहिल्यांदा नुसतेच, आवाजाशिवाय. मग त्या ते नाव मोठ्याने म्हणाल्या, घरात पलीकडच्या खोलीत कुणी असावं आणि जेवायला बोलवावं, तशा.